आजोबांच्या डब्यातली विमानांची कार्डं: आधी पाठ वाचा

मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आजोबा नाईट एअरमेलच्या, म्हणजे रात्रीच्या विमान-टपालाच्या काळात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर नोकरीला होते. घर बिल्डरला द्यायचं म्हणून माळा उपसला, तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात विमान कंपन्यांची सत्तरेक पिक्चर पोस्टकार्डं निघाली. निम्मी कोरी, निम्मी लिहिलेली, काही चिकट पानांच्या अल्बममध्ये. धाकटा भाऊ म्हणतो, ऑनलाइन टाकून मोकळी हो. वहिनी म्हणते, लॅमिनेट करून हॉलमध्ये लावू. ताई विचारतात, ही किती जुनी, किती किमतीची, आणि ठेवायची कशी?

ताई, सगळ्यात आधी वहिनींना थांबवा. लॅमिनेशन झालं की कार्ड गेलंच समजा. गरम प्लास्टिक कागदाला असं धरतं की पुढे सोडवायला गेलं तर छपाईच सोलून निघते. आपल्या नागपुरात रेशनकार्डापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत दिसेल ते लॅमिनेट करायची हौस आहे, त्यामुळे वहिनींना दोष देत नाही. भावालाही महिनाभर थांबवा. विकण्यात गैर काही नाही, पण काय विकतोय हे कळायच्या आधी विकू नये.

हा नाद मला पस्तीस-चाळीस वर्षं आहे, आणि त्याची सुरुवात एका गाढवपणानं झाली. सातवीत असताना मी तिकिटं जमवत होतो, कार्डं नाही. शेजारच्या काकूंचे भाऊ लंडनला होते. त्यांनी कधीकाळी पाठवलेलं बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं एक कार्ड काकूंनी मला दिलं. पुढे कॉमेट जेटचं चित्र. चारही इंजिनं पंखांच्या मुळाशी आत दडवलेली, त्यामुळे विमान कसं सुळसुळीत दिसायचं. मी ते कार्ड घमेल्यात कोमट पाण्यात टाकलं, तिकीट सोडवलं आणि उरलेला लगदा फेकून दिला. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे. ब्रिटनच्या राणीचं, ढिगानं मिळणारं, दोन रुपयेसुद्धा कोणी देणार नाही. कार्डावरच्या कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या की गोल, हे मला आज कितीही आठवलं तरी आठवत नाही. चौकोनी असतील तर ती पहिली कॉमेट. मे १९५२ मध्ये तिची प्रवासी सेवा सुरू झाली आणि १९५४ च्या जानेवारी नि एप्रिलमधल्या दोन अपघातांनंतर ती उडायची बंद झाली. गोल असतील तर १९५८ नंतरची कॉमेट ४. शिक्क्यावरून कळलं असतं, पण अर्धा शिक्का तिकिटावर होता आणि अर्धा घमेल्यात.

म्हणून माझी पद्धत अशी की कार्ड हातात आलं की विमान मागाहून बघायचं, आधी कार्डाची पाठ, म्हणजे मागची बाजू, वाचायची. तुमच्या डब्यातली लिहिलेली कार्डं नागपूरच्या पत्त्यावर आली असतील तर तुमचं काम अर्धं सोपं आहे. या एका शहराचा पत्ताच पंचांगासारखा वाचता येतो. नागपूरच्या पुढे 'सी.पी.' लिहिलं असेल तर मध्यप्रांत-वऱ्हाडाचा काळ, म्हणजे जानेवारी १९५० च्या आधीचा. 'एम.पी.' असेल तर १९५० ते ऑक्टोबर १९५६, कारण तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. 'बॉम्बे स्टेट' असेल तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६०. पुढे महाराष्ट्र. आणि पत्त्यात ४४०ने सुरू होणारा पिन कोड असेल तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिन कोड आला तेव्हाच. मात्र यात एक मेख आहे. परदेशी बसलेला माणूस जुनी सवय सोडत नाही. महाराष्ट्र झाल्यावरही सहा-सात वर्षं 'नागपूर, सी.पी.' लिहिणारे एक सद्गृहस्थ माझ्या संग्रहात आहेत. तेव्हा पत्ता हा पुरावा खरा, पण तो एकटा साक्षीदार पुरत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे तिकीट. भारतातून टाकलेल्या कार्डावर आण्यांचं तिकीट असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं छापलेलं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. नुसते 'पैसे' असतील तर त्यानंतरचं. तिसरा साक्षीदार शिक्का. तो पुसट असेल तर उजेड कार्डाच्या बाजूनं, अगदी आडवा पाडा आणि मोबाइलनं फोटो काढून फोटोतला काँट्रास्ट वाढवा. बोटानं घासू नका, ओल्या कापसानं तर मुळीच नाही. शिक्क्याच्या बाबतीत आणखी एक. त्या काळी बऱ्याच कंपन्या प्रवाशाला कार्ड फुकट द्यायच्या आणि फुकट टपालातही टाकायच्या. सीटच्या खिशात लेटरपॅड, पाकिटं, कार्डं असलेलं एक फोल्डर असायचं. प्रवासी लिहून हवाईसुंदरीकडे द्यायचा आणि कंपनी सोयीच्या गावी पेटीत टाकायची. त्यामुळे मजकुरात 'आत्ता आल्प्सवरून चाललोय' आणि शिक्का मुंबईचा, असं दिसलं तर कार्ड खोटं समजू नका, उलट ते अस्सल असल्याची ती खूण आहे.

आता चित्र. इथे विमानांची थोडी ओळख लागते, पण घाबरू नका, चार-पाच नाकीडोळी लक्षात ठेवली की भागतं. शेपटीवर तीन उभे पंख दिसले तर कॉन्स्टेलेशन. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं लंडन-उड्डाण ८ जून १९४८ ला याच जातीच्या 'मलबार प्रिन्सेस' नावाच्या विमानानं, कैरो आणि जिनिव्हामार्गे झालं. खिडक्या गोल असतील तर साधी कॉन्स्टेलेशन, चौकोनी असतील तर लांबट सुपर कॉन्स्टेलेशन. ही सुपर एअर इंडियाकडे १९५४ मध्ये आली. जमिनीवर उभं असताना नाक वर आणि शेपूट जमिनीला टेकलेलं दिसलं तर डाकोटा. त्रिकोणी खिडक्या नि शेपटीजवळ दोन इंजिनं म्हणजे कॅरावेल, इंडियन एअरलाइन्सकडे १९६४ पासून. भल्यामोठ्या लंबगोल खिडक्या आणि चार पंखे असले तर व्हायकाउंट, १९५७ पासून. प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेलं अगडबंब विमान म्हणजे एअर इंडियाचं जम्बो, १९७१ नंतरचं.

नावावरूनही वर्ष सापडतं. चित्रावर 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' असेल तर छपाई जून १९६२ च्या आधीची, कारण त्या महिन्यात 'इंटरनॅशनल' हा शब्द गळला. 'बीओएसी' असेल तर एप्रिल १९७४ च्या आधीची, तिथून पुढे ब्रिटिश एअरवेज. शिल्लक माल मात्र पुढेही वापरला जायचा, म्हणून छपाईचं वर्ष आणि टपालात टाकल्याचं वर्ष वेगवेगळं धरायचं.

एक उदाहरण देतो, म्हणजे हे सगळं कसं जुळतं ते दिसेल. मागच्या वर्षी धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्यातून मला एक कार्ड मिळालं. पुढे ढगांवर एअर-इंडिया इंटरनॅशनलचं विमान, तीन शेपट्या, भिंगातून पाहिलं तर चौकोनी खिडक्या. म्हणजे १९५४ च्या आधीचं नाही, आणि छापलंय १९६२ च्या आत. पाठीवर स्विस तिकीट. शिक्क्यात जिनिव्हा वाचता येतं, वर्षाचा फक्त ५ उरलाय. त्यावरून १९५५ म्हणायचं की पन्नासच्या दशकातलं कुठलंही? पत्ता होता 'सिव्हिल लाइन्स, नागपूर, एम.पी.'. म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखी नागपूर अजून मध्य प्रदेशात. उत्तर १९५४ ते १९५६. मजकूर दोनच ओळींचा: इथे थंडी फार, आईला सांग स्वेटर पुरतो. पाहुणा निघाला १९५४ ते ५६ च्या मधल्या कुठल्याशा हिवाळ्यातला. हे सगळं मी तिकीट सोडवून घेतलं असतं तर कळलं नसतं.

चित्रं खोटंही बोलतात बरं का. बऱ्याच कार्डांवर विमान खरं उडताना टिपलेलं नसतं, ब्रशनं ढगांत बसवलेलं असतं, कधी शेपटीवरचा नोंदणी क्रमांक पुसलेला असतो. काही वेळा विमान ताफ्यात यायच्या आधीच जाहिरातीसाठी त्याचं चित्र काढून ठेवलेलं असायचं. एअर इंडियानं एकेकाळी दोन कॉन्कॉर्डसाठी नंबर लावून ठेवला होता, ती कधीच आली नाहीत. म्हणून चित्रातल्या विमानावरून फार तर 'याच्या आधीचं नसावं' एवढं म्हणावं, तेही सांभाळून. क्रमांक दिसत असेल तर मात्र सोनं. भारतीय विमानांचे क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतात, ब्रिटिश 'जी'ने, अमेरिकन 'एन'ने. क्रमांकावरून ते नेमकं विमान कधी आलं, कुठे संपलं, हे शोधता येतं. 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला माँ ब्लाँवर आदळलं. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, त्याच डोंगरावर 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ कोसळलं, डॉ. होमी भाभा त्यातच होते. अशा विमानांची कार्डं हातात आली की मी ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवतो, आणि त्यांच्या किमतीवर घासाघीस करायला मला बरं वाटत नाही.

नकलांबद्दल. एअर इंडियाचा महाराजा म्हटलं की नकला आल्याच. १९४६ मध्ये बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला तो मिशाळ, कमरेत वाकलेला गडी आज फ्रिजच्या मॅग्नेटवर, मगवर, उशीवर आहे, आणि 'व्हिंटेज' म्हणून पोस्टकार्डावरही. इतवारीच्या सराफ्यात सोनार वापरतात ते दहा पट दाखवणारं भिंग घ्या, एवढी एकच वस्तू या छंदाला विकत घ्यावी लागते. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके नेमक्या जाळीत बसलेले दिसतात, फुलाच्या पाकळ्यांसारखे. घरगुती प्रिंटरची नक्कल असेल तर बारीक फवारा उडवल्यासारखे विस्कटलेले ठिपके दिसतात. खऱ्या फोटोकार्डात ठिपकेच नसतात. आणि नोटा तपासायचा निळा टॉर्च मिळतो ना, तो अंधारात पाठीवर मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते चकाकणारं रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात सर्रास आलं. 'युद्धापूर्वीचं' म्हणून विकलेलं कार्ड ट्यूबलाइटसारखं चमकलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. मी एकदा न तपासता घेतलं, त्याची किंमत मोजली. किती ते बायकोला अजून माहीत नाही.

तुमच्या आजोबांच्या डब्यात नक्कल असायचा प्रश्न नाही. तुमचा खरा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे कूलर. आपल्या उन्हाळ्यात घराघरांत मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि कोरडंठाक, आत खोलीत मात्र पाण्याचा वारा. ओलावा म्हटलं की लोक पावसाळ्याला घाबरतात आणि कार्डांचं कपाट निवांत कूलरच्या तोंडासमोर ठेवतात. जून संपेस्तोवर गुळगुळीत कार्डं एकमेकांना बिलगलेली असतात. बिलगलेली कार्डं ओढून वेगळी करू नका, एकाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर जातं. कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. माळ्यावर नको, स्लॅब तापतो. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात घाला. ज्या प्लास्टिकला नव्या रेक्झिनचा वास येतो ते पीव्हीसी, ते घेऊ नका, वर्षा-दोन वर्षांत चिकट होतं. डांबरगोळ्या नकोत, कडुलिंबाचा पालाही नको. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या चालतात, पण त्या मधूनमधून बदलायच्या. आणि दसऱ्याच्या साफसफाईला डबा एकदा उघडून बघायचाच. कसर लागली तर ती पावसाळ्यात लागते आणि दसऱ्याला दिसते.

चिकट पानांच्या अल्बममधली कार्डं मात्र घाईनं काढू नका. ते अल्बम ऐंशीच्या दशकात प्रत्येक लग्नात आहेर म्हणून यायचे, आणि त्यांच्या पिवळ्या पडलेल्या गोंदानं जितके फोटो खाल्ले तितके वाळवीनं खाल्ले नसतील. दात साफ करायचा धागा मिळतो, बिनवासाचा. तो कार्डाच्या एका कोपऱ्यामागे सरकवून करवतीसारखा हळूहळू मागे-पुढे न्यायचा. कार्ड वाकवायचं नाही, हवं तर पान वाकवायचं. एका कार्डाला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. जे सुटत नाही ते पानासकट कापून ठेवा आणि चिकट बाजूला बटर पेपर लावा. कार्डावर स्वतः काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं, पाठीच्या खालच्या कोपऱ्यात, एवढंच. बॉलपेन नाही.

आता किमतीचं, कारण भाऊ वाट बघत असेल. सत्तर-ऐंशीच्या दशकातली मोठ्या परदेशी कंपन्यांची कोरी कार्डं ढिगानं छापली गेली. ती अजूनही शे-दोनशे रुपयांच्या आत बदलतात, कधी त्याहून बरीच कमी. बंद पडलेल्या कंपनीचं आहे म्हणून लगेच दुर्मीळ होत नाही. पॅन अ‍ॅम डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, पण तिची कार्डं आजही जगभर पडलेली आहेत. युद्धापूर्वीची इंपीरियल एअरवेज, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळलेल्या आठ कंपन्या (डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग वगैरे), नाहीतर १९८१ ची वायुदूत, यांचं काही निघालं तर मात्र कोणालाही लगेच हो म्हणू नका. पाश्चात्त्य संग्राहक कोरं, करकरीत कार्ड पसंत करतात आणि लिहिलेल्याला कमी भाव देतात. माझं मत उलटं आहे. कोरं कार्ड छापखान्यातून निघालं एवढंच सांगतं. पण बाजार माझ्या मतावर चालत नाही, हे सांगून ठेवतो. काहीही झालं तरी गठ्ठा फोडायच्या आधी प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि डब्यात कार्डं ज्या क्रमानं होती तो क्रम वहीत उतरवा. आजोबांनी काही एकत्र रबरानं बांधली असतील तर त्यालाही काही कारण असेल.

आणि इथे मी खरं तर तुमच्या प्रश्नाच्या बाहेर जातोय, पण जाऊ द्या. नाईट एअरमेलवरचा माणूस ही आपल्या गावाची केवढी मोठी गोष्ट आहे, हे घरच्यांनाच माहीत नसतं. जानेवारी १९४९ मध्ये ती सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही आपापल्या गावी परत. आधी डाकोटा, मग स्कायमास्टर, व्हायकाउंट. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा शुल्काशिवाय विमानानं जाऊ लागली, म्हणजे दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं साधं पत्र मद्रासला दुसऱ्या दिवशी, आणि वाटेत मध्यरात्री ते आपल्या सोनेगावात एका विमानातून दुसऱ्यात गेलेलं. १९७३ पर्यंत हे चाललं. देशाचा मध्यबिंदू म्हणून आपण झिरो माइलचा दगड पाहुण्यांना दाखवतो, पण तो मध्यबिंदू खरा कामाला लागला तो त्या रात्रींमध्ये.

तेव्हा पुढे जमवायचं मनात असेल तर सगळ्या जगाची विमानं जमवू नका, त्याला अंत नाही आणि पैसाही पुरत नाही. सोनेगाव जमवा. नागपूरला आलेली, नागपूरहून गेलेली कार्डं, जुनी वेळापत्रकं, सामानाची लेबलं, ड्यूटीचे पास, धावपट्टीवरचे गटफोटो. हे बाजारात फारसं नाही, पण रामदासपेठ, लक्ष्मीनगर, सोमलवाड्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आहे, आणि ती घरं दर महिन्याला पडताहेत. रद्दीवाल्याला आगाऊ सांगून ठेवा, चहापाणी द्या. मला निम्म्याहून जास्त चांगल्या वस्तू इतवारीच्या एका कबाड्यानं दिल्यात, जो मला अजून 'फोटोवाले काका' म्हणतो.

सोनेगावच्या जुन्या टर्मिनलचं छापील रंगीत पोस्टकार्ड मला इतक्या वर्षांत एकदाही मिळालेलं नाही. तुमच्या सत्तरांत ते असलंच तर मला विकू नका, फक्त एकदा बघू द्या. आणि कोऱ्या कार्डांच्या पाठी नीट बघा. रात्रपाळीला हाताशी वही नसली की माणूस मिळेल त्या कागदावर हिशेब करतो. माझ्याकडच्या एका 'कोऱ्या' व्हायकाउंटच्या कार्डावर पेन्सिलनं चार आकडे एकाखाली एक लिहिलेले आहेत, बाजूला बी, डी, सी, एम अशी अक्षरं. दोन वर्षं मी ते वाण्याचं बिल समजत होतो.